शिबीचा तराजू

संकटाच्या काळी समाज जे नियम करतो, ते सर्वांस सारखे लागू केले म्हणजे न्याय झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नियम एकच, अपवाद नाही, लहान-थोर असा भेद नाही. मग अन्याय कोठून येणार? परंतु सारखा नियम आणि सारखा न्याय या दोन वस्तू भिन्न आहेत. २०२० साली आलेल्या कोरोनाच्या महामारीने हा भेद मोठ्या कठोरपणे आपल्या पदरी घातला. ‘घरीच राहा’ हा त्या काळचा नियम होता, आणि २५ मार्च २०२० पासून सारा देश त्या नियमाखाली आला. तो कशासाठी आहे हे शहाण्या मनुष्यास कळत होते. तथापि याच देशात काही माणसे अशी होती की, ज्यांना घरी राहणे म्हणजेच मरणाच्या स्वाधीन होणे होते. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे डायलिसिसच्या आधारावर जगणारे रुग्ण ही ती माणसे. त्यांच्या निमित्ताने एक नैतिक प्रश्न उभा राहिला. महामारी ओसरली तरी तो प्रश्न ओसरलेला नाही, म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे इष्ट आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. निरोगी मनुष्याची दोन मूत्रपिंडे क्षणाचीही उसंत न घेता अहोरात्र रक्त गाळीत असतात. त्यांचे काम थांबले म्हणजे देहाबाहेर जावयाचे पाणी देहातच साचू लागते, पायांवर सूज चढते, फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडतो, आणि रक्तातील पोटॅशियम वाढत जाऊन एखाद्या घटकेस हृदयाची गती बंद पाडते. हे टाळण्यासाठी आठवड्यातून तीन वेळा, आणि आपल्या देशात खर्च व अंतर यांमुळे पुष्कळदा दोनच वेळा, चार-चार तास रुग्णास यंत्राशी जखडून घ्यावे लागते. हातातील मुद्दाम तयार केलेल्या शिरेत दोन जाड सुया टोचतात. एकीतून रक्त बाहेर येते, केसासारख्या बारीक पोकळ तंतूंच्या जुडग्यातून वाहते आणि दुसरीतून परत देहात जाते. एका वेळेस सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी या कामी लागते. मूत्रपिंडांनी सात दिवस-रात्री करावयाचे काम यंत्र दहा-बारा तासांत कसेबसे उरकते.

हे काम पुढे ढकलता येत नाही, ही यातील मुख्य गोष्ट. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन महिने लांबविता येते, लग्नाचा मुहूर्त बदलता येतो. फार काय, १ जुलै २०२० च्या आषाढी एकादशीस शतकांची पायी वारीही थांबली. संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपुरास गेल्या आणि वारकऱ्यांनी घरच्या उंबऱ्यातून विठ्ठलास हात जोडले. त्या भक्तीत उणे काही राहिले असे कोणी म्हणणार नाही. डायलिसिसच्या रुग्णास मात्र अशी मानसपूजा करून भागत नाही. त्याला परवा केंद्रावर जाऊन सुया टोचून घेतल्याच पाहिजेत.

आणि जेथे जावयाचे ते स्थान कसे? एका दालनात ओळीने खाटा. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन पाळ्या. एका पाळीचे रुग्ण उठतात तोच दुसऱ्या पाळीचे दाराशी येऊन बसलेले. बहुतेक रुग्ण वयस्क, मधुमेह किंवा रक्तदाबाने आधीच जर्जर, आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण झालेले. त्यांची सेवा करणारी परिचारिका किंवा तंत्रज्ञ यांनाही दूर उभे राहून काम करता येत नाही. शिरेत सुई घालावयाची तर रुग्णाच्या श्वासाच्या टप्प्यात वाकावेच लागते. वुहान विद्यापीठाच्या एका रुग्णालयातील डायलिसिस केंद्रात २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत २३० रुग्णांपैकी ३७ जणांस आणि ३३ कर्मचाऱ्यांपैकी ४ जणांस हा रोग जडला. युरोपातील नोंदी असे सांगतात की, पहिल्या लाटेत ज्या डायलिसिस-रुग्णांस कोरोना झाला त्यांतील सुमारे पाचांत एक दगावला. म्हणजे रुग्ण घरी राहिला तर मरण निश्चित. केंद्रावर आला तर मरणाची शक्यता. आणि त्याच्या येण्याबरोबर सेवा करणाऱ्याच्या, व त्याच्या घरातील वृद्ध माता-पित्यांच्या, प्राणासही भय.

अशा स्थितीत काय घडले? मुंबईसारख्या शहरांत एप्रिल-मे २०२० मध्ये एखादा रुग्ण किंवा कर्मचारी बाधित निघाला की केंद्रास टाळे लागे. त्या केंद्रावर अवलंबून असलेले बाकीचे रुग्ण दुसऱ्या केंद्राकडे जात, तर तेथे ते ‘बाधितांच्या संपर्कातील’ ठरत. तपासणीचा दाखला आणा, असे त्यांस सांगण्यात येई. दाखला येण्यास दिवस लागत, आणि रक्तातील विष दाखल्याची वाट पाहत नसते. काही रुग्ण या फिरण्यातच संपले. त्यांच्या मृत्यूची नोंद कोरोनाच्या खात्यात झाली नाही, कारण त्यांना कोरोना झालेलाच नव्हता.

येथे प्रश्न असा मांडला जातो : आधी कोणाचे रक्षण करावयाचे? रुग्णाचे की सेवकाचे? वरवर पाहता हा दोन प्राणांमधील झगडा दिसतो. परंतु प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे, असे मला वाटते, आणि ते कसे, हे समजण्यास थोडे मागे जावे लागेल.

ज्या यंत्राविषयी आपण बोलत आहो, त्याचा जन्मही संकटकाळातला. नाझी सैन्याने व्यापलेल्या हॉलंडमध्ये, कांपेन गावच्या रुग्णालयात, डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. सुरुवातीचे अनेक रुग्ण दगावले. १९४५ साली जी पहिली रुग्ण वाचली ती ६७ वर्षांची एक स्त्री होती. आणि ती शत्रूस साहाय्य केल्याच्या आरोपावरून बंदीत होती. गावातील पुष्कळांस तिचे वाचणे रुचले नसावे. परंतु कोल्फ यांनी तिच्या रक्ताकडे पाहिले, तिच्या पक्षाकडे नाही.

पुढे १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी वापरून पुन्हा पुन्हा डायलिसिस करणे शक्य केले. उपचार साध्य झाला, पण यंत्रे थोडी आणि रुग्ण फार. तेव्हा १९६२ च्या सुमारास तेथे सात जणांची एक समिती नेमली गेली. त्यांत वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकेचा अधिकारी होता, एक गृहिणी होती. कोणाला यंत्र द्यावे आणि कोणाला नाही, हे या समितीने ठरवावयाचे. रुग्णाची मिळकत, मुलेबाळे, शिक्षण, समाजातील वागणूक यांचा तेथे विचार होई. ही हकीकत नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांच्या मनास धक्का बसला, आणि माणसाच्या योग्यतेचे असे मोजमाप करण्याचा अधिकार कोणास आहे, ही चर्चा त्या देशात पेटली. अखेर १९७२ साली तेथील शासनाने कायदा करून बहुतेक सर्व मूत्रपिंड-रुग्णांच्या उपचाराचा खर्च उचलला. ज्या निवडीची गरज पडू नये अशी व्यवस्था करणे शक्य आहे, ती निवड कोणी किती निष्पक्षपणे केली हा प्रश्न गौण आहे. व्यवस्था का केली नाही, हा प्रश्न मुख्य. सिॲटलच्या कथेचे तात्पर्य माझ्या मते एवढेच आहे.

आता शिबी राजाची कथा आठवावी. ससाण्याच्या भयाने कपोत राजाच्या मांडीवर आला. राजाने अभय दिले. ससाणा म्हणाला, हे माझे अन्न आहे, मी उपाशी मरेन. त्याचेही म्हणणे खोटे नव्हते. दोन प्राणांच्या हक्कांमधून मार्ग काढण्यासाठी शिबीने तराजू मागविला आणि आपल्या मांडीचे मांस तोडून पारड्यात घातले. कीर्तनकारांच्या मुखातून ही कथा आपण कितीदा ऐकली असेल. पण तिच्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शिबीने मांस स्वतःचे तोडले. सेवकास पुढे बोलावून त्याच्या मांडीवर सुरी चालविली असती, तर पारडे भरले असते, कपोत वाचला असता, ससाणाही तृप्त झाला असता. परंतु शिबीची कथा कोणी सांगितली नसती.

महामारीत आपण नेमके काय केले? रुग्णास अभय देण्याचा शब्द समाजाने दिला. किंमत मात्र परिचारिकेच्या देहातून वसूल केली. एकच मुखपट्टी दिवसेंदिवस वापरावयाची, संरक्षक पोशाखाच्या तुटवड्यामुळे पावसाळी कोट अंगात घालावयाचे, सहा-सहा तास पाण्याचा घोट न घेता काम करावयाचे, आणि घरी परतल्यावर घरमालकाने जागा सोडावयास सांगितले तर ते मुकाट्याने ऐकावयाचे, हे अनेकांच्या वाट्यास आले. त्याच काळात २२ मार्चला आपण थाळ्या वाजविल्या, ५ एप्रिलला दिवे लावले, ३ मे रोजी रुग्णालयांवर आकाशातून पुष्पवृष्टी झाली. कृतज्ञता व्यक्त करण्यात गैर काहीच नाही. परंतु चेन्नईत एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने मरण पावलेल्या एका डॉक्टरांच्या दफनास जमावाने दगडफेक करून विरोध केला, हेही त्याच महिन्यातले. गौरव फुकट असतो, म्हणून तो सढळपणे करता येतो. मुखपट्टीला मात्र पैसे पडतात.

यावर कोणी म्हणेल की, सेवेचे व्रत घेतलेल्याने प्राणाची पर्वा करू नये, आणि आपल्या इतिहासात अशी उदाहरणे आहेत. आहेत खरीच. मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग ओळखला, आणि त्या वस्तीतच फिरून रोग्यांवर उपचार केले. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रुग्णांची सेवा करीत असता त्याच रोगाने १० मार्च रोजी निवर्तल्या. त्यांच्यापुढे मस्तक नमवावे. पण ज्याने स्वतः होऊन दिले ते दान, आणि ज्याच्याकडून काढून घेतले ती वसुली. सावित्रीबाईंचे नाव घेऊन एखाद्या कंत्राटी तंत्रज्ञास मुखपट्टीवाचून दालनात ढकलणे, हा त्या माउलीच्या स्मृतीचाही अवमान होय. सेवकाचे कर्तव्य निःसंशय आहे. परंतु ज्याने त्याला त्या कर्तव्यावर पाठविले, त्याने आधी चिलखत पुरविण्याचे आपले कर्तव्य पार पाडलेले असले पाहिजे. निःशस्त्र सैनिक रणातून मागे फिरला तर दोष त्याचा नव्हे.

मग रुग्णाचे काय? सेवकाने नकार दिला तर रुग्ण मरेल. येथेच मूळ प्रश्नाची मांडणी तपासली पाहिजे. या दोघांचे हित खरोखर परस्परविरुद्ध आहे काय?

सेवकाच्या सुरक्षिततेचा पहिला आधार कोणता, याचा विचार करा. रुग्णाने दाराशीच खरे सांगणे, हा. ताप आहे, खोकला आहे, घरात कोणी आजारी आहे, एवढे त्याने प्रामाणिकपणे सांगितले तर त्याला वेगळ्या खाटेवर किंवा शेवटच्या पाळीत घेता येते. सेवक पूर्ण पोशाखानिशी त्याच्याजवळ जातो. नंतर यंत्र व खाट जंतुनाशकाने पुसून घेता येतात. पण खरे सांगितल्याचे फळ ‘दार बंद’ असे असेल, तर खरे कोण सांगेल? घरून निघताना तापाची गोळी घेऊन कपाळ थंड करून येणाऱ्या रुग्णास खोटारडा म्हणणे सोपे आहे. पण सत्य बोलण्याची शिक्षा देहान्त ठेवणारी व्यवस्था त्याहून अधिक दोषी नाही काय?

आपल्या प्रांताने हा धडा पूर्वी एकदा घेतलेला आहे. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सोजीर घरोघर शिरू लागले. रोगी सापडला की त्याला छावणीत नेत, घरच्यांना वेगळे काढीत, सामान जाळीत. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले, आणि लपविलेला रोग पसरत राहिला. भयाने सत्य बाहेर येत नाही, ते अधिक खोल जाते. त्या कायद्याने रोग्यास कोंडण्याचा अधिकार तत्काळ दिला. परंतु सेवा करणाऱ्याच्या अंगावर हात टाकणाऱ्यास कडक शासन करण्याची तरतूद त्यात येण्यास २२ एप्रिल २०२० चा अध्यादेश उजाडावा लागला. मध्ये १२३ वर्षे गेली.

तात्पर्य हे की, सेवकाची सुरक्षितता रुग्णाच्या सत्यावर उभी आहे, आणि रुग्णाचे सत्य ‘काहीही झाले तरी तुझा उपचार चुकणार नाही’ या आश्वासनावर उभे आहे. आश्वासन मोडले की सत्य मोडते, सत्य मोडले की सेवक उघडा पडतो. ज्याला आपण दोन प्राणांमधील झगडा समजत होतो, ती एकाच दोरीची दोन टोके आहेत. यास्तव केंद्रांसाठी पहिला नियम असा हवा : आधी पर्याय, मग टाळे. अमुक केंद्र निर्जंतुक करण्यास बंद ठेवावयाचे तर तेथील प्रत्येक रुग्णाची पुढची पाळी कोठे होईल, हे ठरल्याखेरीज दाराला कुलूप लागता कामा नये. बाधितांसाठी राखीव यंत्रे, संशयितांसाठी वेगळी पाळी, खाटांत अंतर, उपचार चालू असता मुखपट्टी न काढणे, कर्मचाऱ्यांचे ठरावीक गट करून त्यांची अदलाबदल टाळणे, या गोष्टी अद्भुत नाहीत. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्र शासनाने डायलिसिसविषयी सूचना काढल्या, त्यांचा रोखही हाच होता.

शिवाय डायलिसिस-केंद्रांना ही विद्या नवी नव्हे. १९६९-७० साली एडिंबरा येथील केंद्रात संसर्गजन्य काविळीची साथ येऊन रुग्ण आणि कर्मचारी दोन्ही दगावले. त्या अनुभवांतून रक्ततपासणी, बाधितांसाठी वेगळे यंत्र, हातमोजे, वेगळी जागा यांचे नियम निघाले आणि ते कायमचे रूढ झाले. त्या साथीने उपचार बंद पाडले नाहीत. उपचार करण्याची रीत सुधारली.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आपला देश गरीब आहे. सर्वांस सर्व पुरविणे शक्य नाही. हे अंशतः खरे आहे. परंतु साधने अपुरी असतात तेव्हा वाटपाचा क्रम विचारपूर्वक लावण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. लसीकरणाचे उदाहरण घ्या. १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्यसेवकांना आधी लस मिळाली, हे योग्यच झाले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांस आणि पंचेचाळीस वर्षांवरील व्याधिग्रस्तांस ती खुली झाली. त्या व्याधींच्या यादीत डायलिसिसचे रुग्ण होते, हेही योग्य. पण तीस वर्षांचा डायलिसिस-रुग्ण, जो आठवड्यातून तीनदा त्याच दालनात त्याच परिचारिकेसमोर झोपत होता, त्यास मेपर्यंत थांबावे लागले. त्याला लस देण्यास कोट्यवधी मात्रा लागल्या नसत्या. लागला असता तो थोडा विचार. सारख्या नियमाने सारखा न्याय होत नाही, तो असा.

दुसरा आक्षेप अंतराविषयी. आपल्या घरांत सोवळ्या-ओवळ्याचे संस्कार जुने आहेत; दूर राहणे, न शिवणे, स्नान करून शुद्ध होणे हे आपणास परके नाही. महामारीत काहींना त्या आचारांचे समर्थनच सापडले. पण अंतराचे दोन प्रकार असतात. दुसऱ्याला आपल्यापासून अपाय होऊ नये म्हणून ठेवलेले अंतर हे प्रेमाचे रूप आहे. दुसऱ्याला हीन मानून ठेवलेले अंतर हा बहिष्कार आहे. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. कसोटी एवढीच की, अंतर ठेवणारा पलीकडच्या माणसाच्या दाराशी दूध-भाजी ठेवून येतो की नाही. रुग्णालयातून परतणाऱ्या परिचारिकेस जिने चढण्यास मज्जाव करणाऱ्या शेजाऱ्याने कोणत्या प्रकारचे अंतर पाळले, हे त्याचे त्यानेच ठरवावे.

अखेर प्रश्न आपल्याकडे येतो. जे घरी सुरक्षित बसू शकले, त्यांच्याकडे. केंद्रातील धोका रुग्ण आणि सेवक या दोघांत कसा वाटावा, याचीच चर्चा आपण करीत राहिलो, आणि तिसरा भागीदार म्हणून स्वतःचे नाव घालावयास विसरलो. शिबीच्या तराजूत आपले काहीतरी पडले पाहिजे. देवस्थानांस व त्यांच्या भक्तमंडळींस हे सांगावयास नको. मुंबईच्या श्री सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्थांनी डायलिसिसच्या कामी द्रव्य लावले आहे, आणि गावोगावचे दानशूर यंत्रे देत असतात. यंत्रावर दात्याचे नाव कोरलेले असते. त्यात वावगे नाही. परंतु यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार, त्याच्या आजारपणातील रजेचे वेतन, पुढील साथीसाठी भरून ठेवलेली मुखपट्ट्यांची कोठी, केंद्र बंद पडले तर रुग्णांस दुसऱ्या गावी नेणारी गाडी, यांसाठी दान मागितले तर हात आखडतो. एकदा वापरून जाळून टाकावयाच्या मुखपट्टीवर नाव कोठे लिहिणार? तरीही पुढची साथ येईल तेव्हा रुग्णाला दिलेले अभय खरे ठरावयाचे ते याच दानावर, आणि ते साथ येण्यापूर्वी दिलेले असावे लागेल.